मणक्याच्या पहिल्या केसला स्क्रब होताना: लंबर फ्युजनची ट्रॉली, पायरी पायरीने

मणक्याच्या केसला पहिल्यांदा स्क्रब व्हायचं, म्हणजे हात धुऊन निर्जंतुक गाऊनमध्ये ट्रॉलीशी उभं राहायचं, ठरलं की नवीन सिस्टर किंवा टेक्निशियन आधी बॉक्स मोजतात आणि दडपून जातात. अपेंडिक्सचा सगळा सेट एका ट्रेमध्ये मावतो. इथे जनरल सेट, लॅमिनेक्टॉमी सेट, स्क्रूचा बॉक्स, रॉडचा बॉक्स, केजचा बॉक्स, ड्रिल, बायपोलर, आणि त्यातला प्रत्येक बॉक्स उघडला की आत दोन मजले. मी एकोणीस वर्षं ऑर्थोच्या ओटीत उभी आहे. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या प्रत्येकीला मी पहिल्या दिवशी सांगते की नावांची काळजी करू नका, ती चार केसमध्ये पाठ होतात. काळजी आकड्यांची करा. कोणता मणका, स्क्रू किती जाड आणि किती लांब, केज किती उंच, किती पॅटी (दोऱ्याचे कापसाचे तुकडे) आत गेल्या आणि किती बाहेर आल्या. आपल्या हातून होऊ शकणाऱ्या मोठ्या चुका बहुतेक आकड्यांच्याच असतात. त्यांवरचा उपाय साधा आहे: सर्जननी आकडा सांगितला की आपण तो मोठ्याने परत म्हणायचा, फ्लोअरच्या (स्क्रब न झालेल्या, बाहेरून सामान देणाऱ्या) सिस्टरने पाकिटावरचा आकडा मोठ्याने वाचायचा, आणि मगच ती वस्तू ट्रॉलीवर घ्यायची.

इथे मी एकच ऑपरेशन घेते, कारण लंबर स्पाइनमध्ये, म्हणजे कंबरेच्या मणक्यांत, ते सारखं समोर येतं: एल-४ आणि एल-५ या चौथ्या-पाचव्या मणक्यांचं फ्युजन, म्हणजे दोन्ही जुळवून एक करणं. पद्धतीचं नाव टीएलआयएफ (ट्रान्सफोरामिनल लंबर इंटरबॉडी फ्युजन). पेशंट बहुतेक वेळा पन्नाशी ओलांडलेली बाई असते. थोडं चाललं की पायात गोळे येतात, बसलं किंवा पुढे वाकलं की बरं वाटतं. एक्स-रेमध्ये चौथा मणका पाचव्यावरून पुढे सरकलेला दिसतो, एमआरआयमध्ये नसांची जागा आवळलेली दिसते. करायच्या गोष्टी तीन: नस मोकळी करायची, झिजलेली गादी काढून तिथे केज (मणक्यांच्या मध्ये बसणारा पोकळ ठोकळा) बसवायचा, आणि दोन मणके स्क्रू-रॉडने धरून ठेवायचे. ते इम्प्लांट हाडं एकमेकांत जुळेपर्यंतचा आधार आहे. हाड जुळलंच नाही तर कितीही भारी स्क्रू असला तरी तो कधीतरी सैल होतो किंवा मोडतो. म्हणून ट्रॉलीवरच्या वाटीतला हाडाचा चुरा हासुद्धा इम्प्लांटइतकाच जपायचा असतो. त्याबद्दल पुढे.

आदल्या दिवशी

केस सकाळी आठची असेल तर तुमचं काम आदल्या दिवशी दुपारी सुरू होतं. बहुतेक हॉस्पिटलांमध्ये स्पाइनचे सेट स्वतःचे नसतात, डीलरकडून येतात. तो सेट कालच दुसऱ्या गावी, दुसऱ्या पेशंटला वापरून आलेला असू शकतो. त्यामुळे बॉक्सवर ‘क्लीन’ची चिठ्ठी असली तरी आपल्याकडे तो पुन्हा धुतला गेलाच पाहिजे: एन्झाइमच्या पाण्यात भिजवणं, ब्रशने घासणं, शक्य असेल तिथे अल्ट्रासॉनिक, मग सुकवणं, पॅकिंग आणि ऑटोक्लेव्ह. हे सगळं नीट व्हायचं तर सेट निदान एक दिवस आधी हातात हवा. एकदा आमच्याकडे सेट सकाळी सात वाजता आला. केस नऊला घ्यायचा आग्रह झाला. आमच्या सिनिअर सिस्टरनी सरांना सरळ सांगितलं की सेट दुपारपर्यंत तयार होणार नाही, आणि केस दुपारी गेली. इम्प्लांट घाईच्या छोट्या सायकलवर काढू नये, हा धडा मी त्या दिवशी त्यांच्याकडून घेतला. इम्प्लांट शरीरात राहणार असतं. त्यावर जंतू चिकटून बसले तर औषधाने सहज जात नाहीत, पुन्हा ऑपरेशन करावं लागतं.

ऑटोक्लेव्हचं तापमान साधारण १३४ अंश असतं, पण वेळ किती ते कंपनीच्या पत्रकात पाहा. जड बॉक्स आतून ओला निघतो आणि ओला पॅक म्हणजे नापास पॅक. म्हणून ११ किलोच्या वरचा ट्रे दोन भागांत विभागायला सांगा. इम्प्लांटच्या लोडमध्ये बायोलॉजिकल इंडिकेटर (जंतू खरंच मेले का ते दाखवणारी चाचणी) टाकायचा आणि त्याचा निकाल आल्यावरच लोड सोडायचा.

पॅक करण्यापूर्वी इन्स्ट्रुमेंट एकेक करून तपासा. माझा क्रम ठरलेला आहे. स्क्रूड्रायव्हर दोन आहेत का? एकाचं टोक झिजलं तर केस मध्येच अडकते. टोक स्क्रूमध्ये बसवून हलवून बघा, खेळ जाणवला तर तो बाजूला ठेवा. टॉर्क रेंच (ठरलेल्या जोराइतकंच घट्ट करणारा पाना) आहे का, आणि त्याचं कॅलिब्रेशन कधी झालं? काउंटर-टॉर्क (घट्ट करताना स्क्रू वळू न देता धरून ठेवणारा दांडा) त्याच सिस्टीमचा आहे का? केरिसनची, म्हणजे हाड कुरतडायच्या पंचची, धार पातळ कागदावर बघा: कागद स्वच्छ कापला पाहिजे, फाटता कामा नये. रॉड कटर चालतो का? आणि सेट स्क्रू, म्हणजे स्क्रूच्या डोक्यात रॉडवरून बसणारी ती छोटी टोपी, लागणार त्यापेक्षा निदान दोन जास्त आहेत का? ती एवढीशी वस्तू हातातून निसटते, आणि जमिनीवर पडलेली परत घेता येत नाही.

त्याच वेळी सरांना साइज विचारून घ्या. ते एमआरआय किंवा सीटीवर पेडिकलची (मणक्याचा पुढचा आणि मागचा भाग जोडणाऱ्या, स्क्रू ज्यातून जातो त्या हाडाची) रुंदी मोजतात. लंबरमध्ये ५.५, ६.५ आणि ७.५ मिमी जाडीचे, ४० ते ५० मिमी लांबीचे स्क्रू सर्वांत जास्त लागतात. अंदाज ६.५ बाय ४५ असला तरी एक माप वरचं आणि एक खालचं हाताशी हवंच. हाड ठिसूळ असेल तर तेही आधीच कळू द्या, कारण मग जाड स्क्रू किंवा सिमेंट घालायचे पोकळ स्क्रू वेगळे मागवावे लागतात.

धातूबद्दल थोडं. आज बहुतेक पेडिकल स्क्रू टायटॅनियमच्या मिश्रधातूचे असतात. रॉड टायटॅनियमचा किंवा जास्त कडक हवा असेल तर कोबाल्ट-क्रोमचा. जुन्या स्टीलच्या सेटमधला एखादा भाग टायटॅनियमच्या सेटमध्ये मिसळू देऊ नका. दोन वेगळे धातू शरीराच्या खाऱ्या पाण्यात एकमेकांना टेकले की गंजायला लागू शकतात. एका कंपनीच्या स्क्रूवर दुसऱ्या कंपनीचा सेट स्क्रू तर कधीच नाही. तो फिरतो, बसल्यासारखा वाटतो, पण आटे जुळत नाहीत आणि काही महिन्यांनी सुटतो.

पेशंट पालथा घेताना

ही पायरी ॲनेस्थेशियाच्या टीमची म्हणून आपण ट्रॉलीकडेच बघत राहतो. तसं करू नका. पेशंट पालथा घातल्यावर पोट मोकळं लोंबकळलं पाहिजे. छाती आणि कंबरेच्या हाडांवर आधार, पोटाखाली काही नाही. पोट दाबलं गेलं तर तिथलं रक्त मणक्याच्या आतल्या शिरांमध्ये ढकललं जातं आणि नस मोकळी करताना सर्जनला रक्ताशिवाय काही दिसत नाही. आपल्या सक्शनचं अर्धं काम इथेच ठरतं. डोळ्यांवर दाब नाही, गुडघे आणि कोपरांखाली मऊ पॅड, कॅथेटर कुठे अडकलेला नाही, एवढं डोळ्यांखालून घाला. अँटिबायोटिक चिरा देण्याआधीच्या एका तासात गेलं पाहिजे. टाइम-आउटला, म्हणजे चिऱ्याआधी सगळे थांबून तपासणी करतात तेव्हा, ते मोठ्याने विचारायला लाजू नका.

लेव्हल पक्की करणं

कंबरेच्या हाडांच्या वरच्या कडा जोडणारी रेषा साधारण एल-४ किंवा एल-४/एल-५ च्या जागेवरून जाते. बोटांनी तेवढा अंदाज येतो, पण चिरा अंदाजावर द्यायचा नसतो. सी-आर्म (ओटीतलं फिरतं एक्स-रे मशीन) येतो, त्वचेवर सुई ठेवून फोटो घेतला जातो, आणि मणका उघडल्यावर हाडावर खूण ठेवून पुन्हा घेतला जातो. काही माणसांत पाचवा लंबर मणका त्याखालच्या सॅक्रम या हाडाशी जुळलेला असतो, काहींत पहिला सॅक्रल मणका सुटा असतो. मग खालून मोजताना एकाची चूक सहज होते. म्हणून ऑपरेशनआधीचा एक्स-रे आणि एमआरआय व्ह्यू-बॉक्सवर किंवा स्क्रीनवर लावलेले हवेत, आणि मोजणी त्यांच्याशी जुळवूनच करायची. फ्लोअरच्या सिस्टरने फळ्यावर ‘एल-४, एल-५, लक्षणं डावीकडे जास्त’ असं लिहून ठेवलं की सगळ्यांच्या डोळ्यांसमोर ते राहतं.

लेड ॲप्रन निर्जंतुक गाऊनच्या आत, म्हणजे हात धुण्याआधीच घालायचा. थायरॉइड कॉलर आणि बॅजही. नवीन मुली ॲप्रन विसरतात आणि मग सी-आर्म आला की भिंतीमागे धावतात. स्क्रब झालेली नर्स ट्रॉली सोडून धावू शकत नाही.

ट्रॉली कशी मांडायची

दोन ट्रॉल्या घ्या. पुढच्या छोट्या ट्रॉलीवर फक्त चालू पायरीचं सामान. मागच्या मोठ्या ट्रॉलीवर बाकी सगळं, डावीकडून उजवीकडे, ऑपरेशनच्या क्रमाने: उघडण्याचं, स्क्रूचं, नस मोकळी करण्याचं, गादीचं, रॉडचं. इम्प्लांटचा बॉक्स झाकूनच ठेवा, लागेपर्यंत उघडू नका. हवेतली धूळ आणि रक्ताचे थेंब त्यावर बसू नयेत. तुमच्याकडे एकेक निर्जंतुक पाकिटातले स्क्रू येत असतील तर फारच चांगलं. बॉक्समधले स्क्रू न वापरता परत परत धुऊन ऑटोक्लेव्ह होत राहतात, आणि त्यांच्या आट्यांच्या फटींत घाण आणि गंज साचत जातो.

आता ट्रेमधल्या नावांकडे. ही नावं माणसांची आहेत, हे कळलं की ती लवकर लक्षात राहतात. कॉब एलिव्हेटर ज्यांच्या नावाचा ते जॉन कॉब न्यूयॉर्कचे ऑर्थोपेडिक सर्जन. पाठीचा बाक मोजतात तो कॉब अँगलही त्यांचाच. लेक्सेल रोंजर स्वीडनच्या लार्स लेक्सेल यांचा, ज्यांनी मेंदूसाठीची गॅमा नाइफ बनवली. पेनफिल्ड डिसेक्टर मॉन्ट्रियलच्या वाइल्डर पेनफिल्ड यांचे. केरिसन हे एकोणिसाव्या शतकातले इंग्लिश डॉक्टर. पेडिकलमधून स्क्रू घालून पाठीमागे प्लेट लावण्याची पद्धत पॅरिसच्या रेमंड रॉय-कॅमिल यांनी १९६३ मध्ये सुरू केली. त्याआधी टेक्सासमध्ये पॉल हॅरिंग्टन यांनी पोलिओने पाठ वाकलेल्या मुलांसाठी हुक आणि रॉड वापरले होते. आपण देतो तो रॉड त्याच वंशातला आहे.

उघडणं

हे लवकर होतं. चिरा, मोनोपोलर कॉटरी (विजेने कापणारी आणि रक्त थांबवणारी पेन्सिल), मग कॉब. कॉबने स्नायू हाडापासून खरवडून बाजूला करतात. एका हातात कॉब दिला की दुसऱ्या हातात उलगडलेला मॉप द्या, कारण कॉबच्या मागोमाग तो आत सरकवून रक्त थांबवतात. मग सेल्फ-रिटेनिंग रिट्रॅक्टर. त्याची वेळ फळ्यावर लिहा आणि मधूनमधून सैल करायची आठवण करून द्या. तासन्‌तास दाबलेला स्नायू मरतो.

स्क्रू

ही पायरी सर्वांत जास्त तालात चालते. एल-४ चे दोन आणि एल-५ चे दोन, मिळून चार स्क्रू. प्रत्येकाला तोच क्रम: ऑल, प्रोब, फीलर, टॅप, फीलर, स्क्रू. हा क्रम अंगात भिनला की सरांना मागावं लागत नाही.

ऑलने हाडाच्या पृष्ठभागावर, आडव्या प्रोसेसची (मणक्याच्या बाजूला निघालेल्या हाडाची) मधली रेषा आणि वरच्या सांध्याची बाहेरची कड जिथे भेटतात तिथे, सुरुवातीचं छिद्र करतात. मग पेडिकल प्रोब. त्याचं टोक बोथट असतं, ते मऊ हाडातून वाट काढत जातं आणि कडक भिंतीला लागलं की वळतं. अंगावर दर १० मिमीला खुणा असतात. सर खोली विचारतील तेव्हा खूण वाचून सांगायची तयारी ठेवा. प्रोब वाकडा असेल तर टोक कोणत्या बाजूला आहे ते बघून, त्यांच्या हातात त्या दिशेनेच द्या.

मग बॉलटिप फीलर. हा पातळ, टोकाला छोटा गोळा असलेला दांडा. याने छिद्राच्या चारही भिंती आणि तळ चाचपतात. आतली भिंत फुटली असेल तर पलीकडे नस आहे. तळ फुटला असेल तर पुढे मोठ्या रक्तवाहिन्या आहेत. या क्षणी ओटीत शांतता ठेवा. गप्पा, मोबाइल, दार उघडबंद करणं, सगळं थांबवा. सर डोळ्यांनी नव्हे तर बोटांनी बघत असतात.

टॅप साधारणपणे स्क्रूपेक्षा एक मापाने लहान: ६.५ च्या स्क्रूला ५.५ चा टॅप. हाड ठिसूळ असेल तर काही सर्जन टॅप वापरतच नाहीत. टॅपनंतर पुन्हा फीलर द्या, न विचारता. मग साइज येतो, आणि इथे ती मोठ्याने बोलण्याची सवय कामी येते. मास्कमधून ‘थर्टी-फाइव्ह’ आणि ‘फॉर्टी-फाइव्ह’ सारखंच ऐकू येतं. म्हणून आमच्या ओटीत लांबीचे अंक सुटे म्हणतात.

‘सिक्स पॉइंट फाइव्ह, फोर फाइव्ह.’

‘सिक्स पॉइंट फाइव्ह, फोर फाइव्ह, डावा एल-४.’

फ्लोअरची सिस्टर पाकीट वाचते, तोच आकडा परत म्हणते, आणि पाकीट उघडते. सेट बॉक्समधला असेल तर स्क्रू मोजपट्टीवर ठेवून लांबी बघा, कारण बॉक्समध्ये मागच्या वेळी कुणी चुकीच्या खाचेत ठेवला असू शकतो. हे मी स्वतः दोनदा पकडलं आहे. स्क्रू ड्रायव्हरवर सरळ बसलाय ना, बाही नीट घट्ट केली आहे ना, हे हलवून बघूनच द्या. पॉलीॲक्सिअल स्क्रूचं डोकं सगळीकडे वळतं. ते आटे न धरता लोंबकळत असेल तर ड्रायव्हर नीट बसलेला नाही. सरकलेला मणका मागे ओढायचा असेल तर एल-४ ला लांब कानांचा रिडक्शन स्क्रू मागतील. तो वेगळा ठेवलेला असू द्या.

चारही स्क्रू बसले की सी-आर्मवर समोरून आणि बाजूने फोटो. काही ठिकाणी स्क्रूला बारीक विद्युतप्रवाह देऊन पायाचे स्नायू किती प्रवाहाला हलतात ते बघतात. अगदी थोड्या प्रवाहाला हलले तर स्क्रू नसेच्या जवळ असण्याचा संशय. अशा केसमध्ये स्नायू शिथिल करणारं औषध चालत नाही, हे ॲनेस्थेशियाला आधीच माहीत असावं लागतं.

नस मोकळी करणं

इथून पुढे मोनोपोलर कॉटरी होल्स्टरमध्ये जाते आणि बायपोलर (चिमट्याच्या दोन टोकांमध्येच वीज जाते ती कॉटरी) पुढे येतो. लेक्सेलने मागचं हाड कुरतडतात, ऑस्टिओटोमने एल-४ चा खालचा सांधा काढतात, मग केरिसन. या काढलेल्या हाडाचा एक तुकडाही टाकू नका. वाटीत साध्या सलाइनने ओलसर ठेवा, त्यावरचा मऊ भाग खरवडून काढा आणि हाड निबलरने तांदळाच्या दाण्याएवढं बारीक करा. हाच ग्राफ्ट. रुग्णाच्या स्वतःच्या हाडाइतकं चांगलं जुळणारं दुसरं काही नसतं, आणि ते फुकट मिळतं. वाटीवर नावाची चिठ्ठी लावा. कुणीतरी ‘हे टाकू का?’ म्हणत उचलण्याआधी.

केरिसनची प्रत्येक बाहेर येणारी फेरी पुसायची. ओला गॉझ डाव्या हातात तयार ठेवा, पंच उघडला की टोकातला तुकडा टिपून घ्या. सरांची नजर जखमेवरून हलू नये, हे इथलं आपलं काम. साइज बहुतेक ३ आणि ४ मिमी लागतात, नसेच्या वाटेत २ मिमी. हाय-स्पीड बर चालू असताना त्यावर सलाइनची धार सतत हवी, नाहीतर उष्णतेने हाड आणि नस दोन्ही भाजतात.

पॅटी, म्हणजे दोरा लावलेले कापसाचे ते चौकोनी तुकडे. त्या ओल्या करूनच द्यायच्या, दोरा बाहेर ठेवून, आणि मोजून. आमच्याकडे एकदा शेवटी एक पॅटी कमी भरली. जखम बंद करणं थांबवलं, सक्शनची बाटली गाळली, जमीन झाडली. ती सापडली सरांच्या बुटाला चिकटलेली. बावीस मिनिटं गेली, कुणी एक शब्द बोललं नाही, आणि तेच बरोबर होतं. दोरा कापलेली पॅटी काउंटमध्ये वेगळी सांगा.

ड्युरा, म्हणजे नसांभोवतीचं आवरण, फाटलं तर पाण्यासारखा द्रव येतो. घाबरू नका, पण हात लगेच हलले पाहिजेत: पॅटी, सक्शन कमी दाबावर, बारीक नीडल होल्डर, ५-० किंवा ६-० चा धागा, आणि फायब्रिन ग्लू फ्रीजमधून काढायला सांगा. हे सगळं एका छोट्या ट्रेमध्ये आधीच तयार असेल तर तो क्षण निभावतो.

रक्त थांबवायचे पदार्थ देताना दोन गोष्टी लक्षात ठेवा. जेलफोम किंवा सर्जिसेल ओलं झालं की फुगतं. कॅनालमध्ये, म्हणजे नसांच्या पोकळीत, विसरलं तर तेच नस दाबतं. म्हणून किती तुकडे गेले ते लिहा आणि शेवटी आठवण करा. बोन वॅक्स हाड जुळायच्या जागी लावत नाहीत, ते जुळणं अडवतं. हायड्रोजन पेरॉक्साइड या ट्रॉलीवर ठेवूच नका. बंद पोकळीत त्याचा वायू रक्तात शिरू शकतो.

गादी आणि केज

सर रूट रिट्रॅक्टरने नस हळूच बाजूला धरतात किंवा तुम्हाला धरायला सांगतात. धरलंत तर हात दगडासारखा स्थिर ठेवा आणि स्वतःहून जोर लावू नका. ११ नंबरच्या ब्लेडने गादीला छेद, मग डिस्क फोर्सेप्स: सरळ, वर वळलेला, खाली वळलेला. नंतर शेव्हर (गादी खरवडून काढणारं पातं), ७ मिमीपासून एकेक वाढवत. क्युरेटने वरच्या-खालच्या मणक्यांच्या पृष्ठभागावरची कूर्चा खरवडतात, हाड मात्र फोडायचं नाही. एल-४/एल-५ च्या गादीपुढे मोठ्या रक्तवाहिन्या असतात. म्हणून फोर्सेप्स किती खोल गेलाय ते खुणेवर बघत राहा.

मग ट्रायल केज. ८, ९, १०, एकेक मापाने, घट्ट बसेपर्यंत. ट्रायलचा आकडा परत म्हणा, कारण खरा केज त्याच आकड्याचा उघडायचा आहे आणि उघडलेला केज परत जात नाही. टीएलआयएफचा केज बहुतेक केळ्यासारखा वळलेला असतो. पीक नावाच्या प्लास्टिकचा असेल तर एक्स-रेमध्ये दिसत नाही. त्यात धातूचे छोटे बिंदू घातलेले असतात, त्यांवरून जागा कळते. टायटॅनियमचे जाळीदार केजही आता बरेच येतात. हा केज मुळात घोड्यांसाठी बनला, हे मला फार आवडतं. मानेच्या मणक्यात नस दबून लटपटणाऱ्या घोड्यांसाठी अमेरिकेतल्या जॉर्ज बॅग्बी या सर्जनने स्टीलची छिद्रांची टोपली बनवली होती. त्यातूनच पुढे माणसाचा केज आला.

ग्राफ्टचा चुरा आधी गादीच्या पुढच्या भागात फनेलने भरतात, मग केजमध्ये दाबून भरतात. केज इन्सर्टरवर पक्का घट्ट केलाय का, हे दोनदा तपासा. आत गेल्यावर सुटला तर काढणं फार कठीण. हातोडी द्या, आणि सी-आर्मसाठी ड्रेप तयार ठेवा.

रॉड आणि शेवटचं घट्ट करणं

एका लेव्हलला ४० ते ५० मिमीचा रॉड पुरतो. आधी टेम्प्लेटने मोजतात, मग बेंडरने कंबरेच्या वळणाइतका वाकवतात. वाकवलेला टायटॅनियम रॉड परत सरळ करून पुन्हा वाकवू नये. खाचा पडतात आणि तिथेच पुढे तो मोडतो. चुकला तर नवा रॉड द्या, तेवढी किंमत वसूल आहे. कापायचा असेल तर दोन्ही टोकं टॉवेलमध्ये धरा, तुकडा गोळीसारखा उडतो.

सेट स्क्रू देताना सरांना आठवण करता आली तर करा: आधी उलटा फिरवायचा, आटे एकमेकांत बसल्याचा ‘टक’ आवाज आला की मग सरळ. आटे तिरपे बसले तर सेट स्क्रू घट्ट झाल्यासारखा भासतो आणि नंतर सुटतो. एका बाजूने घट्ट, मग कॉम्प्रेसरने स्क्रू जवळ ओढून केजवर दाब, मग दुसरी बाजू. शेवटी काउंटर-टॉर्क आणि टॉर्क रेंच. ही दोन्ही एकत्रच द्यायची. रेंच एकटा वापरला तर सगळं वळण मणक्यावर येतं. बहुतेक सिस्टीममध्ये हा जोर ८ ते १२ न्यूटन-मीटरच्या दरम्यान ठरलेला असतो, रेंच ‘क्लिक’ झाला की थांबायचं. मी प्रत्येक क्लिक मोजते: एक, दोन, तीन, चार. चार स्क्रू, चार क्लिक. चौथा ऐकू आला नाही तर सरांना सांगायचं, मग ते कितीही घाईत असोत.

बंद करताना आणि नंतर

धुणं, ड्रेन, काउंट. काउंट तीनदा: बंद करायला घेताना, फॅशिया (स्नायूंवरचं आवरण) शिवून झाल्यावर, त्वचेला. मॉप, पॅटी, सुया, ब्लेड आणि सेटमधले सुटे भाग. ड्रायव्हरच्या बाहीचा छोटा स्क्रूसुद्धा. इन्स्ट्रुमेंटचं टोक तुटलेलं आढळलं तर तेव्हाच बोला. सी-आर्म अजून ओटीत आहे.

मग स्टिकर. प्रत्येक स्क्रू, सेट स्क्रू, रॉड आणि केज यांच्या पाकिटावरचे स्टिकर पेशंटच्या फाइलमध्ये, ओटी रजिस्टरमध्ये आणि बिलासाठी. बॉक्समधल्या सुट्या इम्प्लांटचे लॉट नंबर डीलरच्या चलनावरून स्वतः लिहून घ्या, ‘नंतर देतो’ वर सोडू नका. विम्याच्या किंवा सरकारी योजनेच्या केसमध्ये स्टिकरशिवाय बिल अडकू शकतं, पण त्याहून मोठं कारण वेगळं आहे: उद्या त्या लॉटमध्ये दोष निघाला तर कोणत्या पेशंटच्या पाठीत तो आहे हे शोधायचा हाच एक रस्ता. आपल्याकडे २०१७ चे वैद्यकीय उपकरण नियम १ जानेवारी २०१८ पासून लागू आहेत, आणि इम्प्लांट मोडणं किंवा सुटणं यासारख्या घटना भारताच्या मटेरिओव्हिजिलन्स (वैद्यकीय उपकरणांच्या दोषांवर लक्ष ठेवणाऱ्या) कार्यक्रमात कळवता येतात. कळवणारी नर्सही चालते, डॉक्टरच लागतात असं नाही.

इन्स्ट्रुमेंट वाळू देऊ नका. केरिसनच्या सांध्यात, टॅपच्या आट्यांत, पोकळ दांड्यांत रक्त सुकलं की ब्रशनेही निघत नाही. ट्रॉलीवरूनच ओल्या टॉवेलमध्ये गुंडाळून सीएसएसडीला, म्हणजे निर्जंतुकीकरण विभागाला, पाठवा, सलाइनमध्ये नाही, त्याने धातू गंजतो. काय तुटलं, काय झिजलं ते चिठ्ठीवर लिहून डीलरच्या माणसाच्या सहीने सेट परत करा. चिठ्ठीचा फोटो स्वतःकडे ठेवा.

नातेवाईक डिस्चार्जच्या दिवशी इम्प्लांटचं कार्ड मागतीलच असं नाही. ते आपणच द्या आणि समजावून सांगा: आतमध्ये कोणता धातू आहे, किती स्क्रू आहेत, ऑपरेशनची तारीख काय. पुढे कुठेही एमआरआय करायचा झाला तर टेक्निशियनला हेच कार्ड दाखवायचं. मी कार्डाच्या मागे पेनने मोठ्या अक्षरात ‘एल-४, एल-५’ लिहून देते, आणि त्यांच्या मोबाइलवर त्याचा एक फोटो काढून घ्यायला सांगते.